डिमेन्शिया असलेल्या माणसाला पाण्यातला व्यायाम : परभणीतला आमचा अनुभव, आणि काही प्रश्न

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार. माझ्या वडिलांना, अण्णांना, अल्झायमर आहे, म्हणजे डिमेन्शियाचाच (स्मरण आणि समज हळूहळू कमी होण्याच्या आजाराचा) एक प्रकार. आयुष्यभर त्यांनी एसटी चालवली. बालपण गंगाखेडला गोदावरीच्या काठी गेलं, त्यामुळे पाण्याची भीती कधीच नव्हती. आता आजार मधल्या टप्प्यात आहे. मला कधी मुलगी म्हणून ओळखतात, कधी बहीण समजतात. कपडे घालताना मदत लागते. दिवस मावळायला लागला की घरात येरझारा सुरू होतात. "गाडी लागली, उशीर झाला" म्हणत दाराची कडी ओढत राहतात.

गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही त्यांना पोहण्याच्या तलावावर पाण्यातल्या व्यायामाला नेतो. ओळखीपाळखीचे बरेच जण विचारतात, फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आम्ही त्यांना पोहायला नेत नाही, पाण्यात चालायला नेतो. छातीच्या थोडं खाली येईल इतकं पाणी, हात लांब केला की पोचेल इतक्या जवळ घरचं माणूस, आणि जास्तीत जास्त अर्धा तास. तलावाचा जीवरक्षक काठावर उभा असतो, तो असल्याशिवाय आम्ही उतरत नाही.

रस्त्यावर फिरायला नेणं अवघड झालं होतं. गुडघे झिजलेत, थोडं चाललं की थकतात आणि थकले की चिडतात. शिवाय पाय आपोआप बसस्टँडकडे वळतात, तिथून परत आणायचं म्हणजे भररस्त्यात वाद. मेंदूच्या डॉक्टरांनी रोज हालचाल हवीच असं बजावलं होतं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाण्याचं सुचवलं. मग हृदयाच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलं, बीपीच्या गोळ्यांच्या वेळा विचारून घेतल्या आणि सुरू केलं.

आता प्रत्यक्ष काय करतो ते. मुलांची बॅच सुटल्यावरची वेळ घेतली आहे. उथळ बाजूवर पत्र्याची शेड आहे, तिच्याखाली मुलांचा गलका आणि शिट्ट्या घुमतात, त्यात अण्णा बावरतात. पोहण्याची चड्डी घरूनच पायजम्याच्या आत घालून नेतो, म्हणजे तिथे नुसता पायजमा उतरवायचा. अनोळखी खोलीत कुणी कपडे काढायला लावले की त्यांना वाटतं आपल्याला लुटायला लागलेत. पायऱ्यांवरून उलटं, कठडा धरून उतरवतो. भाऊ आधी उतरून खाली उभा राहतो, मी वरून खांद्याला हात लावून असते.

तलावाच्या तळाला काळे पट्टे आहेत. सुरुवातीला अण्णा प्रत्येक पट्ट्यापाशी थांबायचे आणि पाय उंच उचलून पलीकडे टाकायचे, पुढे खड्डा असल्यासारखे. फिजिओ बाईंनी सांगितलं की या आजारात खोलीचा अंदाज बिघडतो, गडद रंग खड्ड्यासारखा दिसतो. तेव्हापासून पट्टे आडवे येणार नाहीत अशा बाजूने, दोन पट्ट्यांच्या मधून चालतो.

"अण्णा, चला, आता उजवा पाय पुढे घ्या, मग हात हलवा" असं लांबलचक सांगितलं की ते गोंधळतात. भावाने एक युक्ती काढली. एसटीत कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. तो काठावर दोनदा टकटक करतो आणि म्हणतो, "डबल बेल!" अण्णा लगेच चालायला लागतात. एकदा टकटक केली की थांबतात. इतक्या वर्षांची सवय अंगात आहे, तिला समजावून सांगावं लागत नाही. पुढे चालणं, आडवं चालणं, कठडा धरून टाचा उचलणं, तळहाताने पाणी ढकलणं आणि शेवटी प्लास्टिकचा चेंडू एकमेकांकडे टाकणं, एवढं होतं. चेंडूच्या वेळी हसतात. घरात त्यांचं हसणं फार कमी झालं आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

बाहेर आल्यावर लगेच उभं करत नाही. पायरीवर बसवून टॉवेल अंगावर टाकतो, थोडं पाणी पाजतो. घरी आल्यावर जेवतात, दुपारी थोडी झोप. ज्या दिवशी तलावावर जातो त्या संध्याकाळी येरझारा कमी असतात, कडी ओढणं बहुतेक होत नाही.

आता प्रश्न. आमचा तलाव उघडा आहे आणि परभणीची थंडी सगळ्यांना माहीत आहे, डिसेंबरात पारा दहाच्या खाली जातो. तेव्हा काय करायचं? मराठवाड्यात कुठे कोमट पाण्याची सोय कुणाला माहीत आहे का?

कयाधू (हिंगोली)

ताई, वाचून लई बरं वाटलं. आमच्या आजोबांचंही असंच आहे. नावं आठवत नाहीत, जेवण झालं तरी "जेवायला वाढा" म्हणतात. पण पोहणं अजून पक्कं आहे बगा. मागच्या महिन्यात शेतात नेलं होतं तर कुणाला कळायच्या आत विहिरीत सूर मारला. खाली जाऊन वर आले, मस्त हात मारायले होते. आमच्याकडं तलाव नाही, विहीर आहे, चांगली पायऱ्यांची आहे. तिथंच रोज नेलं तर चालंल का? शेजारच्यांचं शेततळंही आहे, त्यात पाणी स्वच्छ राहतं.

पूर्णाकाठ (परभणी)

कयाधू, कृपा करून नेऊ नका. आणि आजोबांना विहिरीजवळ एकटं सोडू नका. मी फक्त घरची माणूस आहे, पण याबाबतीत थांबून विचारा. इथे कुणी फिजिओ असतील तर त्यांनी सांगावं.

स्नायू_सांधे (छ. संभाजीनगर)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ज्येष्ठांसोबत काम करते. कयाधू, पूर्णाकाठ यांनी सांगितलं ते अगदी बरोबर आहे.

लहानपणी शिकलेलं पोहणं, सायकल, टाळ वाजवणं अशा अंगवळणी पडलेल्या गोष्टी मेंदूत नावं आणि प्रसंग साठवणाऱ्या भागापेक्षा वेगळ्या जागी जपलेल्या असतात. लहान मेंदू आणि मेंदूच्या आतले खोल भाग ते सांभाळतात. अल्झायमर तिथे उशिरा पोचतो. म्हणून आजोबांचे हातपाय आजही बरोबर चालतात. पण आता दम संपत आलाय, पायऱ्या कुठल्या बाजूला आहेत, आता बाहेर यायला हवं, हे ठरवण्याची ताकद आजाराने आधीच घेतलेली असते. पट्टीचा पोहणारा म्हातारा म्हणूनच जास्त धोक्यात असतो, कारण त्याला भीती वाटत नाही आणि घरच्यांनाही वाटत नाही. विहिरीचं पाणी वर कोमट आणि खाली गार असतं. सूर मारल्यावर गार पाण्याचा झटका बसतो, श्वास एकदम आत ओढला जातो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

शेततळं तर विहिरीहून वाईट. प्लास्टिकच्या अस्तराचा उतार ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, हाताला धरायला काही नसतं. धडधाकट तरुण पोरं त्यातून बाहेर येऊ शकलेली नाहीत. नदीत वाळू उपसल्याने डोह पडलेले असतात, ते वरून दिसत नाहीत. तेव्हा विहीर, शेततळं, नदी तिन्ही नको. विहिरीला जाळी बसवा, शेततळ्याला कुंपण घाला आणि आजोबा शेतात असतील तेव्हा सोबतीला माणूस ठेवा. हे सगळं मी व्यायामाच्या आधी सांगते, कारण आपल्या भागात घरोघर विहिरी आहेत.

आता पाण्यातल्या व्यायामाबद्दल. पाण्यात भार कमी होतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण किती ते लक्षात घ्या. कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचा साधारण निम्मा भार येतो, छातीइतक्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश, मानेपर्यंत पाणी असेल तर एक दशांश. त्यामुळे झिजलेल्या गुडघ्यांनाही चालता येतं. डिमेन्शियाचे रुग्ण जास्त पडतात. जमिनीवर तोल गेला की सावरायला वेळच मिळत नाही, पाण्यात माणूस हळू कलतो आणि स्वतःला सावरतो. तोल सांभाळण्याचा सराव पाण्यात न पडता होतो. मला यातला सर्वात मोठा फायदा हाच वाटतो.

पण पाणी शरीरावर दाबही देतं. छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, हृदयाचं काम वाढतं. मूत्रपिंडंही जास्त लघवी तयार करतात, म्हणून उतरण्याआधी बाथरूमला नेऊन आणायचं आणि मध्ये गरज पडली तर बाहेर काढायचं. बाहेर येताना दाब एकदम जातो, बीपी उतरतं. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना याच क्षणी चक्कर येते. पूर्णाकाठ अण्णांना पायरीवर बसवतात ते फार महत्त्वाचं आहे.

कुणी उतरू नये: अंगावर उघडी जखम किंवा बेडसोर, जुलाब, ताप, लघवीची नळी, ताबा नसलेल्या फिट्स, नुकताच आलेला हार्ट अटॅक, बसल्या जागी दम लागणं, पाणी पिताना वारंवार ठसका. साखर वरखाली होत असेल तर आधी ती आवरा, आणि मधुमेहींचे तळपाय उतरण्याआधी व नंतर दोन्ही वेळा बघा, कारण त्यांना जखम झालेली कळत नाही. डोनेपेझिल (अल्झायमरमध्ये देतात ती गोळी) चालू असेल तर नाडी मंद होऊ शकते, ते डॉक्टरांना आठवणीने सांगा. लेवी बॉडी प्रकारचा डिमेन्शिया किंवा पार्किन्सन असेल तर उभं राहताना बीपी कोसळतं आणि चालता चालता पाय मध्येच गोठतात, अशा रुग्णासोबत पाण्यात दोन माणसं हवीत.

पाण्याचं तापमान: उपचारासाठीचा तलाव ३२ ते ३४ अंशांचा ठेवतात. स्पर्धेच्या तलावात पाणी २६ ते २८ अंश असतं, त्यात हळू हालचाल करणारा म्हातारा माणूस थोड्या वेळात गारठतो, आणि थंडी वाजतेय हे त्याला सांगता येत नाही. ओठ, नखं निळसर व्हायला लागली, थरथर सुरू झाली किंवा नेहमी बोलणारा माणूस गप्प झाला तर बाहेर काढायचं. परभणीच्या डिसेंबरात उघड्या तलावात उतरू नका, मार्चपर्यंत थांबा. मधल्या काळात घरी काय करायचं ते दुसऱ्या प्रतिसादात लिहिते, आता ओपीडी आहे.

मांजरा (लातूर)

वेगळं मत मांडतोय, राग मानू नये. मी लातूरचा. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, ते घागर घेऊन रांगेत उभं राहून भरलंय. अजूनही उन्हाळ्यात आमच्या भागात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येतं. अशा मुलखात म्हाताऱ्यांच्या व्यायामासाठी तलाव वापरा म्हणणं मनाला पटत नाही. घरातल्या घरात, अंगणात व्यायाम होतोच की. हा खर्च आणि हे पाणी कशासाठी?

दुधना (जालना)

मांजरा, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. पाण्याच्या खात्यातून निवृत्त झालोय, म्हणून हिशोब मांडतो. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १.१ मीटर खोल अशा लहान तलावाला १३,२०० लिटर पाणी लागतं, म्हणजे १२,००० लिटरच्या एका टँकरहून थोडं जास्त. हे पाणी रोज फेकून द्यायचं नसतं. ते गाळणीतून फिरतं, क्लोरीन दिला जातो, बाष्पीभवन आणि गाळणी धुण्यापुरती भर घालावी लागते. शेडखाली असेल आणि रात्री झाकण घातलं तर बाष्पीभवनही बरंच कमी होतं.

तरी नवे तलाव बांधा असं मी म्हणणार नाही. जे आधीच भरलेले आहेत, त्यांत मुलांच्या दोन बॅचमधला रिकामा तास मिळाला तर एक थेंबही जास्त लागत नाही. टंचाईच्या वर्षी तलाव बंदच राहावा, त्यात दुमत नाही, माणसांच्या तोंडचं पाणी आधी. पण या आजाराला लहानसा समजू नका. आपल्या देशातल्या मोठ्या पाहणीत साठीपुढच्या दर शंभर जणांत ७.४ जणांना डिमेन्शिया आढळला, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. गावात फक्त त्याला नाव देत नाहीत, वय झालं म्हणतात आणि सोडून देतात.

मांजरा (लातूर)

रिकामा तास वापरायचा असेल तर माझी हरकत नाही. हे आधी लक्षात आलं नव्हतं.

आसना (नांदेड)

याने स्मरणशक्ती परत येते का? एका शिबिरात एक गृहस्थ ठामपणे सांगत होते की पाण्यातल्या व्यायामाने मेंदूला रक्त जातं आणि आजार मागे फिरतो. आईला न्यायचा विचार करतोय, पण मोठी फी सांगितलीय.

स्नायू_सांधे (छ. संभाजीनगर)

नाही, आजार मागे फिरत नाही. असं सांगून पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

इंग्लंडमध्ये सौम्य ते मध्यम डिमेन्शियाच्या ४९४ जणांवर जमिनीवरच्या व्यायामाची नीट चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०१८ मध्ये आला. चार महिने देखरेखीखाली जोरकस व्यायाम दिला. शरीराची ताकद वाढली, पण विचारशक्तीची घसरण थांबली नाही, उलट व्यायाम करणाऱ्या गटात ती किंचित जास्त दिसली. म्हणजे म्हाताऱ्या आईबापाला घाम निघेपर्यंत पळवून स्मृती परत येईल ही आशा सोडून द्यायची. चालणं टिकणं, स्वतःच्या पायाने बाथरूमला जाता येणं, झोप लागणं, चिडचिड उतरणं, यासाठी व्यायाम करायचा. एका कुटुंबासाठी हे थोडं नाही. आई स्वतः उठून खुर्चीत बसू शकते की दोघांनी उचलावं लागतं, यावर घरातल्या बाईची नोकरी टिकते की सुटते हे ठरतं.

आणि आसना, आईचे बी-१२, थायरॉइड, सोडियम हे तपासलंय का? यांच्या कमीजास्तीने विसरभोळेपणा वाढतो आणि तो औषधाने सुधारू शकतो. तलावाच्या फीआधी त्या तपासण्या. गोंधळ दोन-चार दिवसांत एकदम वाढला असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो, त्यात व्यायाम नाही, आधी दवाखाना.

योगेश्वरी_सेविका (अंबाजोगाई)

मी वृद्धाश्रमात परिचारिका आहे. आमच्याकडे तलाव नाही आणि होणारही नाही, पण या विषयावर मनापासून वाचलंय म्हणून लिहिते.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये वृद्धसेवा केंद्रांतल्या मध्यम ते तीव्र डिमेन्शियाच्या रहिवाशांसाठी पाण्यातल्या व्यायामाचा प्रयोग झाला होता. आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, बारा आठवडे. माणसं थोडीच होती, त्यामुळे त्यावरून फार मोठं काही सिद्ध होत नाही. पण त्रासदायक वागणं कमी झालं आणि सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही त्याचा ताप कमी वाटला. मला दुसरा भाग जास्त भिडला. सांभाळणाऱ्याचं काय होतं हे कुणी मोजत नाही, तिथे मोजलं होतं.

तलाव नसलेल्यांसाठी आम्ही काय करतो ते सांगते. भक्कम, हात असलेल्या खुर्चीत बसवून पाय कोमट पाण्याच्या टबात. पाणी आपल्या कोपराने तपासायचं, त्यांना विचारायचं नाही, कारण गरम-गार त्यांना नेहमी नीट कळतंच असं नाही, मधुमेह्यांना तर नाहीच. मग टाच वर, चवडे वर, पाय पाण्यात गोल फिरवणं, तळाला ठेवलेला ओला रुमाल पायाच्या बोटांनी उचलणं. हातांसाठी दुसऱ्या टबात स्पंज, तो पिळून रिकाम्या वाटीत पाणी भरायचं. आमच्या एक आजी, ज्या आंघोळीला नेताना हातावर नखं मारायच्या, त्या स्पंज पिळत शांत बसतात. त्यांच्या हातात काम असतं आणि पाणी त्यांच्या ताब्यात असतं. आंघोळीत पाणी अचानक डोक्यावरून येतं, त्याची भीती वाटते. हे समजल्यापासून आंघोळही आम्ही पायांपासून सुरू करतो, तांब्या आधी त्यांच्याच हातात देतो.

आमच्याकडे वारकरी घरातले बरेच आहेत. टाळ वाजला की पावली खेळायला पाय आपोआप उठतात. टबात पाय असताना "विठ्ठल विठ्ठल" सुरू केलं की मोजून व्यायाम घ्यावा लागत नाही. तलावात नेणाऱ्यांनी हे करून बघावं, पुढे-मागे पाऊल टाकायला पावली उत्तम आहे. फक्त गिरकी नको.

टबानंतर फरशी कोरडी करा आणि बोटांच्या बेचक्या पुसा. सांभाळणारे स्वतः खचले असतील तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत आहेत.

बिंदुसरा (बीड)

माझी पत्नी ६९ वर्षांची आहे, प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिला रक्तवाहिन्यांमुळे झालेला डिमेन्शिया आहे, पक्षाघाताचे दोन लहान झटके येऊन गेलेत. डॉक्टरांनी पाण्यातल्या व्यायामाला परवानगी दिली. पण अडचण वेगळीच आहे. तलावावर गेलो तर म्हणाले, महिलांच्या बॅचला पुरुषाला प्रवेश नाही आणि पुरुषांच्या बॅचला बाईला नाही. मुलगी पुण्यात, सून नाही. तिला माझ्याशिवाय कुणाचाही हात चालत नाही, अनोळखी बाईने धरलं तर ओरडते. मी मॅनेजरला समजावलं, तर म्हणाले नियम म्हणजे नियम. बायकोला सांभाळणाऱ्या नवऱ्याने जायचं तरी कुठे? कपडे बदलण्याच्या खोलीचाही हाच प्रश्न. तिला एकटीला आत पाठवू शकत नाही आणि मी आत जाऊ शकत नाही.

पूर्णाकाठ (परभणी)

काका, हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता, कारण आम्ही बहीण-भाऊ दोघे आहोत. दुधना काकांनी सांगितलेला रिकामा तास इथेच कामाला येईल. तोंडी विनंती नको, लेखी अर्ज द्या. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, त्यात "पतीच्या सोबतीने" हे शब्द लिहून घ्या. महिलांची बॅच सुटल्यावर आणि पुढची सुरू व्हायच्या आधी अर्धा तास मागा. तेव्हा खोलीही रिकामी असते, दाराशी एखादी कर्मचारी बाई उभी करायला सांगा. चिठ्ठी हातात आली की मॅनेजरलाही वरच्यांना दाखवायला कागद मिळतो.

कयाधू (हिंगोली)

विहिरीला लोखंडी जाळी टाकून घेतली, वर कुलूप. बापू आधी म्हणत होते, आबाला काय होतंय, जलमभर पोहलेत. फिजिओ ताईंनी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं तव्हा मानले. शेजाऱ्यांनी शेततळ्याला कुंपण घालायचं कबूल केलंय. आजोबांना आता आम्ही टबातला व्यायाम द्यायलो. पाणी बघून खूश होतात, पण टबात उभं राहायला बघतात. काय करावं?

योगेश्वरी_सेविका (अंबाजोगाई)

टब खुर्चीच्या अगदी जवळ नको, थोडा पुढे सरकवा, म्हणजे पाय अंगाखाली येत नाहीत आणि उठणं सोपं जात नाही. टबऐवजी पसरट घमेलंही चालतं, काठ बोथट असावा. समोर एकाने खुर्ची घेऊन गुडघ्याला गुडघा लागेल असं बसा. तरीही उठत असतील तर त्या दिवशी पाणी बाजूला ठेवा, त्यांना उठून चालायचंय, चालू द्या.

स्नायू_सांधे (छ. संभाजीनगर)

थंडीतल्या घरच्या व्यायामाबद्दल लिहायचं राहिलं होतं, सेविका ताईंनी बहुतेक सांगितलं. त्यात एकच भर: खुर्चीवरून उठणं-बसणं हा व्यायाम हिवाळाभर सोडू नका. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणं आणि आडवं चालणंही. पाण्यात कमावलेली ताकद थोड्याच आठवड्यांत उतरते, मार्चमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

बिंदुसरा (बीड)

अर्ज दिला. पहिल्यांदा घ्यायलाच तयार नव्हते, पोच मागितल्यावर घेतला. काल फोन आला, दुपारी महिलांच्या बॅचनंतर अर्धा तास मिळालाय, मावशी दाराशी थांबणार आहेत. सोमवारी पहिल्यांदा नेतोय. तिने आयुष्यभर साडीच नेसली आहे, कपड्यांचं काय करू? मंगळसूत्र काढायला गेलं की रडते.

पूर्णाकाठ (परभणी)

काका, फार चांगली बातमी. साडी पाण्यात नको, जड होऊन पायात अडकते, सुती कपडाही नको. नायलॉनची घट्ट लेगिंग आणि त्यावर गुडघ्यापर्यंतचा, बाजूला चिरा असलेला नायलॉनचाच कुर्ता, ओढणी नाही. सोमवारच्या आधी घरी दोन-तीनदा घालून बसवा, म्हणजे तिथे नवं वाटणार नाही. मंगळसूत्र राहू द्या, आखूड करून कुर्त्याच्या आत सेफ्टी पिनने टाचा. काचेच्या बांगड्या मात्र नकोत, त्या प्लास्टिकच्या बांगड्यांनी घरीच बदला.

स्नायू_सांधे (छ. संभाजीनगर)

आणि सोमवारी पाण्यात उतरवायचंच असं ठरवून जाऊ नका. काठावर शेजारी बसा, दोघांचे पाय पाण्यात सोडा. त्यांना स्वतःहून पुढे सरकावंसं वाटलं तर एक-दोन पायऱ्या उतरा, नाहीतर तसेच घरी या. झटके येऊन गेलेत, म्हणून कमजोर बाजू कुठली ते मला कळवा, कठडा कुठल्या हाताला ठेवायचा ते सांगते.

बिंदुसरा (बीड)

डावी बाजू कमजोर आहे, डावा पाय थोडा घासतो.

स्नायू_सांधे (छ. संभाजीनगर)

मग उतरताना कठडा उजव्या हाताला येईल अशी पायरी निवडा. उलटं उतरताना आधी डावा पाय खाली, चढताना आधी उजवा वर. तुम्ही त्यांच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे राहा. हात दंडाला धरायचा नाही, कमरेच्या पट्ट्याला धरायचा. पट्टा नसेल तर फिजिओथेरपीचं साहित्य विकणाऱ्या दुकानात चालण्याचा पट्टा म्हणून मागा, तो ओला झालेला चालतो का एवढं विचारून घ्या.